मस्टरवर तुमचं नाव आहे का?

१ ऑगस्ट १९६२. तुम्ही ठाण्यात, वागळे इस्टेटच्या मोकळ्या जागेत उभे आहात. पावसाळ्याचे दिवस आहेत. चपला चिखलात रुततायत आणि तिकडे येऊरचा डोंगर ढगांत अर्धा बुडालाय. समोर एक छोटासा समारंभ चालू आहे. अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. राज्य जन्माला येऊन सव्वादोन वर्षं झालीत आणि आज इथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ सुरू होतंय. सगळा महाराष्ट्र ज्याला एमआयडीसी म्हणणार आहे त्याचा जन्म तुमच्या डोळ्यांसमोर होतोय. पाणी, वीज, रस्ते सरकार देणार. कारखानदाराने यायचं, शेड उभारायची, माणसं कामाला लावायची.

तुम्हाला भाषणापेक्षा मागे उभी असलेली माणसं बघायची आहेत. कुणी कोकणातून आलंय, कुणी साताऱ्याकडून, कुणी खानदेशातून. त्यांना महामंडळ म्हणजे काय ते नीट कळलेलं नाही, पण कारखाना कळतो. कारखान्यात नाव लागलं की महिन्याला ठरलेला पगार, रविवारी सुट्टी, दिवाळीला बोनस आणि आजारी पडलं तर दवाखाना. गावाकडे शेतमजुराला ताप आला तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि ताप लांबला तर सावकाराचा उंबरा चढावा लागतो. हे त्यांनी आपल्या बापाच्या घरात पाहिलंय. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव म्हणजे त्या उंबऱ्यापासून सुटका.

ही सुटका इथवर आली कुठून हे बघायला तुम्हाला वीस वर्षं मागे आणि फार लांब जावं लागेल.

डिसेंबर १९४२, लंडन. महायुद्ध चालू आहे, रात्री शहरात दिवे लावायची बंदी आहे, बॉम्बने फुटलेल्या इमारतींचे ढिगारे अजून उचललेले नाहीत. किंग्जवे रस्त्यावर सरकारी प्रकाशनांच्या दुकानासमोर लांबलचक रांग लागलीय. ती रेशनची असेल असं तुम्हाला वाटतं. पण लोक पुस्तक घ्यायला उभे आहेत. 'सामाजिक विमा आणि संलग्न सेवा' हे नाव वाचून कुणी रांग लावेल यावर विश्वास बसत नाही, तरी ती आहे. विल्यम बेव्हरिज यांचा हा अहवाल लाखोंनी खपणार आहे.

तुम्ही रांगेतल्या माणसांचे कोट बघा. कोपरांना ठिगळं आहेत. यांनी तिशीतली बेकारी भोगलीय. सरकारी मदत मागायला गेलं की अधिकारी घरी येऊन भांडीकुंडी मोजायचा. मुलगा चार पैसे कमावतो म्हणून बापाची मदत कापायचा. बेव्हरिज म्हणतात, देशाच्या वाटेत पाच राक्षस उभे आहेत: अभाव, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्त्या आणि बेकारी. यांच्याशी लढायचं तर मदत ही भीक म्हणून नाही, हप्ता भरल्याचा हक्क म्हणून मिळाली पाहिजे. प्रत्येकाने भरायचं, प्रत्येकाला मिळायचं.

मात्र पानं उलटताना एका जागी थांबा. लग्न झालेल्या बाईचा विचार तिथे बहुतेक नवऱ्याच्या हप्त्याच्या आधाराने केलाय. ती दिवसभर राबते, पण तिचं स्वतःचं खातं धड नाही. इतक्या उदार योजनेतही कुणीतरी मोजायचं राहून गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दिल्ली, १९४४ चा ऑगस्ट. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आहे. बी. पी. अडारकर नावाचे मराठी अर्थतज्ज्ञ कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना लिहून पूर्ण करतायत. मार्च १९४३ मध्ये त्यांना हे काम दिलं होतं. योजनेत त्यांनी तीनच उद्योग धरलेत: कापड, अभियांत्रिकी, खनिज आणि धातू. पुढे खुद्द बेव्हरिज यांनी अडारकरांना 'छोटा बेव्हरिज' म्हटलं, असं आपलं कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) महामंडळ अभिमानाने सांगतं. अभिमान वाटण्यासारखीच गोष्ट आहे. मुंबई-ठाण्याच्या कामगाराच्या खिशातल्या ईएसआय कार्डामागे एका मराठी माणसाचा अभ्यास आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

१९४८ साली दोन्ही देशांत या स्वप्नाचं कायद्यात रूपांतर झालं. एप्रिलमध्ये आपला कर्मचारी राज्य विमा कायदा आला. ५ जुलैला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, पण दरवाजे वेगळे. तिथे रुग्णालयाच्या दारात विचारलं जात नव्हतं की तू काय काम करतोस. इथे कायदा कारखान्यातल्या, महिना चारशे रुपयांपर्यंत पगार असलेल्या माणसासाठी होता. दार उघडायची किल्ली म्हणजे नोकरी आणि नोकरीचा पुरावा म्हणजे मस्टर. फाळणीतून नुकत्याच बाहेर आलेल्या गरीब देशाला त्या वेळी याहून मोठं दार परवडलं नसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. सुरुवात लहान असली म्हणून ती चुकीची ठरत नाही. चूक झाली ती नंतर. दार मोठं करायच्या काळात मालकांनी मस्टरच लहान केलं.

ते बघायला परत वागळे इस्टेटमध्ये या.

१९८४. तुमचं वय सव्वीस. गाव जावळी तालुक्यात, साताऱ्याकडे. किसननगरच्या चाळीत एका खोलीत तुम्ही गाववाले पाच जण राहता. सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघता. इस्टेटमधल्या रस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत: सोळा नंबर, बावीस नंबर, सत्तावीस नंबर. सातच्या पहिल्या पाळीचा भोंगा होतो. गेटवर कार्ड पंच करता. मस्टरवर तुमचं नाव, नावापुढे तिकीट नंबर. महिन्याच्या पगारातून ईएसआयचे थोडे पैसे कापले जातात आणि पगाराच्या दिवशी तुम्ही त्यावरून कुरकुर करता.

तुम्ही पॉवर प्रेसवर आहात. पत्र्याची पट्टी डायमध्ये सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून पंच येतो, खाली वायसर पडतो. सरकव, दाब, सरकव, दाब. दिवसाला हजारो वायसर. मशीनला गार्ड आहे, पण गार्ड लावला की काम मंदावतं आणि आकडा भरत नाही, म्हणून तो काढून भिंतीला टेकवून ठेवलाय. सुपरवायझर रोज त्याच्यासमोरून जातो. जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ उरलाय. एक वायसर डायमध्ये अडकतो. तो काढायला तुम्ही बोटं आत घालता आणि सवयीचा पाय पेडलवर पडतो.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दुसऱ्या पेरापासून.

कळ लगेच येत नाही. आधी फक्त मशीनचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. मग शेजारचा फिटर ओरडतो, मेन स्विच पडतो, कुणीतरी हाताला फडकं गुंडाळतं आणि त्या फडक्याला कटिंग ऑइलचा वास येतो. तो वास तुम्ही पुढे आयुष्यभर विसरणार नाही.

“कार्ड आहे ना रे तुझं?” फिटर विचारतो.

“आहे.”

“मग चल. घाबरू नको.”

कामगार रुग्णालय इस्टेटमध्येच आहे. तिथे रांग आहे, पंखा हळू फिरतोय, औषधाच्या खिडकीवर गर्दी आहे. पण तुमच्याकडे कुणी आगाऊ पैसे मागत नाही. जखम शिवली जाते. कामावर जाता येत नाही तेवढे दिवस रोख भत्ता मिळतो. अपघाताच्या भत्त्याला आधी किती महिने हप्ता भरला होता अशी अट नाही. कामाचा पहिला दिवस असता तरी तो मिळाला असता. उपचार चालू असताना मालक तुम्हाला काढू शकत नाही, कायद्याने त्याचे हात बांधलेत. पुढे वैद्यकीय मंडळ बसतं, गेलेल्या दोन बोटांमुळे कमाईची ताकद किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या हिशेबाने दरमहा रक्कम सुरू होते. जन्मभर. रक्कम मोठी नाही, बोटं काही परत येत नाहीत, पण गावी आईला मनिऑर्डर जायची थांबत नाही. बहिणीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर होतं. त्यात लंडनच्या रांगेतल्या ठिगळाच्या कोटांचा आणि अडारकरांच्या अहवालाचा वाटा आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. कळायची गरजही नाही. चांगल्या व्यवस्थेचे उपकार मानावे लागत नाहीत, हीच तिची खूण.

पुढची पंचवीस वर्षं झरझर बघा. मुंबईतला गिरणी संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झालाच होता. त्याच्या पराभवाची सावली ठाण्यावरही पडलीय. मालकांना धडा मिळालाय: कायम कामगार म्हणजे युनियन आणि युनियन म्हणजे कटकट. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा कंत्राटी पद्धतीला आळा घालायला आला होता. प्रत्यक्षात एकेका कारखान्याचे तीन तीन ठेकेदार झाले. नव्वदीत स्वेच्छानिवृत्तीच्या (व्हीआरएस) नोटिसा गेटवर लागल्या. कुठे टाळेबंदी, कुठे कंपनी सिल्वासाला गेली, कुठे जमिनीचा भाव मालापेक्षा चढला. शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या: आयटी पार्क, कॉल सेंटर, बँकांची कार्यालयं. कंपन्यांची नावं थांब्यांना आणि नाक्यांना राहिली. आजही रिक्षावाल्याला 'नितीन कंपनी' म्हणा, 'गोल्डन डाइज' म्हणा, बरोबर नेऊन सोडतो.

काचेच्या इमारती वाईट नाहीत. त्यांत हजारो तरुण-तरुणी काम करतात, त्यांतल्या अनेकांचे आईबाप याच इस्टेटीतल्या कारखान्यांत घाम गाळलेले आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. इमारत बदलली तसं कामही बदललं; पण झाडणारा, पहारा देणारा, डबे पोचवणारा, माल चढवणारा आणि मागच्या गल्लीतल्या गाळ्यात प्रेस चालवणारा माणूस तसाच राहिला. त्याचं नाव तेवढं मस्टरवरून उतरलं.

एप्रिल २०१३ मध्ये क्षणभर थांबून पुढे जाऊ. ४ तारखेची संध्याकाळ, शिळफाट्याजवळचं लकी कंपाउंड. बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळते आणि ७४ जणांचा जीव जातो. मेलेल्यांत ती इमारत बांधणारे मजूर आहेत आणि तिच्यातच संसार मांडून राहिलेली त्यांची बायकामुलं आहेत. बांधकाम कामगारांसाठी तेव्हा १९९६ चा कायदा होता, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यातून कल्याणाच्या योजना चालत. पण जी इमारतच कागदावर नाही तिचा उपकर कोण भरणार आणि तिच्या मजुराचं नाव कुठे असणार?

आता २०२४. वय पुन्हा सव्वीस. या वेळी तुम्ही मराठवाड्यातून आलाय; सलग दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलं आणि धाकट्याची फी भरायची होती. इस्टेटीच्या मागच्या अंगाला एका गाळ्यात तुम्ही काम करता. गाळ्यात सतरा माणसं आहेत, मस्टरवर आठ नावं. आठच का, ते सुरुवातीला कळत नाही. मग एक जुना माणूस चहाच्या टपरीवर सांगतो, “दहा झाली की ईएसआय लागू होतो ना बाबा. म्हणून आठ.”

प्रेस तशीच आहे. रंग नवा, पेडल जुनं, गार्ड भिंतीला टेकवलेला. तुम्हाला पुढचं माहीत आहे, तरीही बोटं आत जातात, कारण अडकलेला वायसर काढल्याशिवाय आकडा भरत नाही. आकडा भरला नाही तर उद्या दुसरा माणूस उभा राहील. नाक्यावर माणसांची कमी नाही.

या वेळी तुम्हाला कुणी कार्डाचं विचारत नाही. ठेकेदार मोटारसायकलवर मागे बसवतो आणि गल्लीतल्या एका खाजगी दवाखान्यात नेतो. वाटेत, मान न वळवता, तो समजावतो: “घरी दारात बोटं सापडली म्हणून सांगायचं. पोलीस केस झाली तर डॉक्टर हात लावणार नाही. मी आहे ना, बघतो मी.” तो बघतोही. बिल भरतो, वर पंधरा हजार देतो आणि एका कोऱ्या कागदावर सही घेतो. ती तुम्ही डाव्या हाताने करता. उजव्याला पट्टी आहे.

तुम्हाला वाटेल, कायदाच नाही. कायदा आहे. २०२४ मध्ये लागू असलेल्या ईएसआय कायद्याच्या चाळिसाव्या कलमाप्रमाणे ठेकेदाराच्या माणसाचा हप्ता भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकाची आहे. ईएसआय लागू नसेल तर त्या वर्षी लागू असलेला १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा आहे, तोसुद्धा इंग्रजांनी स्वतःच्या देशातल्या कायद्यावरून इथे आणलेला. ठाण्यात कामगार न्यायालय आहे. मात्र तिथे पहिला प्रश्न येतो: तुम्ही त्या गाळ्यात कामाला होता याचा पुरावा? पुरावा म्हणजे मस्टर, पगारपत्रक, गेटपास. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तुमच्याकडे आहे तो फक्त हात. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सव्वीस वर्षांच्या कामगाराच्या काळापेक्षा आज देश कितीतरी श्रीमंत आहे, रुग्णालयं आधुनिक आहेत, शस्त्रक्रिया चांगल्या होतात. तरीही बोटं गमावून तुम्ही त्याच्यापेक्षा गरीब झालात. विषमता कशी मोजायची याची पुष्कळ कोष्टकं आहेत. मला हे दोन हात शेजारी ठेवून बघणं पुरेसं वाटतं.

आता देह बदला. साल तेच. तुम्ही बेचाळीस वर्षांच्या बाई आहात, किसननगरात राहता आणि चार घरची धुणीभांडी, झाडूपोछा करता. सकाळी साडेसातला पाचपाखाडीच्या बाजूच्या एका टॉवरच्या फाटकावर पोचता. वॉचमन मोबाइलवर तुमचा नंबर टाकतो. वरच्या मजल्यावर मालकिणीच्या फोनला सूचना जाते की बाई आत आल्या. परतताना पुन्हा तसंच. सोसायटीचं ते ॲप तुमच्याबद्दल बरंच जाणतं: कोणत्या घरी किती वाजता गेलात, महिन्यात किती खाडे केलेत, पाच वर्षांत एकूण किती दिवस आलात. पहिल्या पाळीच्या कुठल्याही मस्टरइतकी चोख नोंद. फरक एवढाच की या नोंदीचा उपयोग खाड्याचे पैसे कापायला होतो. ताप आला, गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली, पाय मुरगळला, तर ती नोंद तुमच्या बाजूने एक शब्द बोलत नाही.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तो चांगल्या हेतूने केला. नोंदणी केली तर काही मदत मिळते. पण चार घरांच्या चार मालकिणींनी मिळून हप्ता भरायचा आणि आजारपणातला बुडालेला पगार तुम्हाला मिळायचा, अशी सोय त्यात नाही. लंडनच्या अहवालातली ती बाई आठवा, जिचं स्वतःचं खातं धड नव्हतं. ऐंशी वर्षं उलटली आणि ती तुमच्या रूपाने सर्व्हिस लिफ्टची वाट बघत उभी आहे.

फाटकातून बाहेर पडता तेव्हा समोरच्या आयटी पार्कच्या दारात दहाबारा मुलं मोटारसायकलींवर बसून फोनकडे बघतायत. त्यांतला एक तुमचा मुलगा. जेवणाची पाकिटं पोचवतो. त्याच्या फोनला त्याचं प्रत्येक मिनिट माहीत आहे: कधी लॉगिन केलं, कुठे थांबला, कुठली ऑर्डर नाकारली. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. म्हणजे पावसात घसरून पडला तर भागीदाराचं नशीब.

लंडनमध्येही हा वाद झालाय. १९ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात तुम्ही उभे असता तर एक महत्त्वाचा निकाल ऐकला असता. उबरच्या चालकांनी दावा लावला होता. न्यायाधीशांनी करारातल्या गोड शब्दांपलीकडे पाहिलं. भाडं कोण ठरवतं? कंपनी. अटी कोण ठरवतं? कंपनी. फेऱ्या नाकारल्या तर शिक्षा कोण करतं? कंपनी. मग हे स्वतंत्र धंदेवाले कसले? हे कामगार आहेत, यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा मिळाली पाहिजे. ॲपवरची जी नोंद चालकांना ताब्यात ठेवत होती, तीच त्यांच्या हक्काचा आधार ठरली. लढाई तिथे संपली असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने डिलिव्हरू कंपनीच्या डिलिव्हरीवाल्यांना युनियनमार्फत वाटाघाटीचा हक्क नाकारला, कारण करारानुसार ते स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवू शकत होते.

आणि जिथे पुस्तकासाठी रांग लागली होती त्या देशात आता दुसऱ्याच रांगा आहेत. ट्रसेल या एकाच संस्थेच्या अन्नपेढ्यांनी २०२३-२४ या वर्षात ३१ लाखांवर अन्नाची पाकिटं वाटली. रांगेत फक्त बेकार नसतात. नोकरी असूनही महिनाअखेर न गाठणारी कुटुंबं असतात. इंग्लंडमध्ये उपचारांच्या प्रतीक्षायादीत सत्तर लाखांवर नोंदी साचल्या. बेव्हरिजचे पाच राक्षस मेले नव्हते, दबा धरून बसले होते. आपल्या घरातली मुलं शिकायला, नोकरीला तिकडे जातात, तेव्हा हे आपल्याला परकं वाटू नये. श्रीमंत देशातही बांधलेलं घर राखावं लागतं, नाहीतर गळायला लागतं.

मग उपाय काय, असं कुणी विचारलं तर मी तुम्हाला पुढच्या काळात नेणार नाही. मागेच नेईन, १९६९ मध्ये, मुंबईच्या बाजारपेठेत. तुमच्या पाठीवर क्विंटलची गोणी आहे. तुम्ही माथाडी. सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवला, दुपारी दुसऱ्याचा, संध्याकाळी तिसऱ्याचा. तुमचा मालक कोण? प्रत्येक जण म्हणतो, मी नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना संघटित केलं, लढे दिले आणि त्या वर्षी महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. युक्ती साधी होती. माथाडी मंडळ नेमायचं, कामगार आणि व्यापारी दोघांची नोंदणी तिथे करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ पगार देणार, त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार चालवणार. मालक एक असो की पन्नास, मस्टर एकच, मंडळाचं. १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला.

म्हणजे मालक नसलेल्या कामगाराला विम्याखाली आणायची वाट आपल्याला कुणी शिकवायला नको. ती आपल्या राज्याने १९६९ मध्येच स्वतः घातली. माथाड्यांसाठी हिशेबवह्या आणि कारकून लागायचे. आज चार घरं करणाऱ्या बाईची आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची नोंद आधीच फोनमध्ये तयार आहे. प्रत्येक ऑर्डरमागे, प्रत्येक घरामागे काही टक्के लेव्ही वळती करणं आता अवघड राहिलेलं नाही. राहिलीय ती इच्छा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांचा प्रथमच उल्लेख आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्यासाठी द्यायची तरतूद आहे. पाऊल योग्य दिशेने पडलंय. पण त्या पैशातून मुलाला आजारपणातला पगार मिळणार की नुसतं एक कार्ड, हे नियम ठरवतील आणि नियमांवर नजर आपल्याला ठेवावी लागेल. घरकाम करणाऱ्या बाईबद्दल ती संहिताही फारसं बोलत नाही. ईएसआयची वेतनमर्यादा २०१७ च्या जानेवारीपासून २१ हजारांवर आहे. महागाई तिथे थांबलेली नाही. तीही वाढली पाहिजे.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तुम्ही आता तुमच्या काळात, तुमच्या घरात परत आला आहात. तुम्ही सोसायटीच्या कमिटीत असाल, तर पुढच्या बैठकीत वॉचमन आणि सफाई कामगार पुरवणाऱ्या एजन्सीकडे गेल्या महिन्याचं ईएसआय आणि पीएफचं चलन मागा. नुसतं चलन नको, त्यासोबत नावांची यादी मागा आणि फाटकावर उभ्या असलेल्या माणसाचं नाव तिच्यात आहे का ते स्वतः वाचा. गाळा असेल, तर माणसं जेवढी तेवढी नावं चढवा. आज ईएसआयचा एकूण हप्ता पगाराच्या चार टक्के आहे: मालकाचे सव्वातीन, कामगाराचा पाऊण. महिना पंधरा हजारांच्या माणसामागे मालकाला पाचशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि घरी काम करणाऱ्या ताई आजारी पडल्या, तर त्या दिवसांचा खाडा लावू नका.